बाकावरून पाहिलेला इतिहास

महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात मी तीन वर्षे होतो, असे म्हणण्याचा मला कायदेशीर अधिकार आहे. कारण त्या तीनही वर्षांच्या संघाच्या छायाचित्रांत मागच्या रांगेत उजव्या टोकाला मी उभा आहे आणि जिमखान्याच्या नोंदवहीत बाराव्या क्रमांकावर माझे नाव जिमखान्याच्या सरांच्या सहीशिक्क्यानिशी नमूद आहे. परंतु 'मी खेळलो' असे म्हणावयाची वेळ आली की जीभ किंचित अडखळते, कारण तीन वर्षांत प्रत्यक्ष सामन्याच्या घड्याळाप्रमाणे मी कोर्टावर किती वेळ होतो याचा हिशेब मांडू गेल्यास तो पाऊण तासाच्या पलीकडे जाणार नाही. (घरी 'आज कोर्टावर उशीर झाला' असे म्हटले की आजीच्या डोळ्यांपुढे शिवाजीनगरची कचेरी उभी राही आणि नातवाने कोणावर दावा लावला या चिंतेने ती जेवणाचे ताट तसेच धरून बसे.) उरलेला सर्व काळ मी ज्या बाकावर काढला त्याचा डावा मागचा पाय मोडलेला असून त्याखाली वीट दिलेली होती, कोणी एकदम उठला की वीट सरके, आणि ती जागच्या जागी बसविण्याचे काम वहिवाटीने बाराव्या खेळाडूकडे आलेले होते. दुसरे काम गुणपत्रक लिहिण्याचे. कोणी किती बास्केट केले, कोणाचे किती फाउल झाले, कोण केव्हा आत गेला आणि केव्हा बाहेर आला, हे सर्व चौकोनांत भरावयाचे. आणि त्या कागदावर आपल्या स्वतःच्या नावापुढचे चौकोन मात्र कोरे सोडावयाचे. इतिहास लिहिण्याची माझी तालीम, असलीच तर, एवढीच आहे.

कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉलचा इतिहास मराठीत सांगण्याचे धाडस अशा माणसाने का करावे, हा प्रश्न वाचकाने विचारण्यापूर्वी मीच विचारून टाकतो. त्याचे पहिले उत्तर आमच्या सरांपाशी आहे. सर मद्रासच्या वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकलेले होते. ते महाविद्यालय १९२० साली हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी स्थापन केले. बक हे मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या ज्या शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी, त्याच संस्थेच्या व्यायामशाळेत १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ नावाच्या तीस वर्षांच्या शिक्षकाने हा खेळ निर्माण केला होता. सर हा वंशवृक्ष आम्हांला अशा थाटात ऐकवीत, की एखाद्या इनामदाराने आपली सनद उलगडून दाखवावी. 'नेस्मिथ, मग बक, मग माझे गुरुजी, मग मी, मग तुम्ही गाढवे,' असे ते म्हणत आणि शेवटच्या पिढीचा उल्लेख करताना त्यांची नजर बहुधा बाकाकडे असे. मुंबईच्या संघांशी गाठ पडली की त्यांच्यातील नागपाड्याची पोरे आम्हांला उभे-आडवे फाडीत. तेव्हाही पराभवाचे दुःख बाजूला ठेवून सर सांगत की, नागपाड्यातही या खेळाला आसरा मिळाला तो अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली तेथे उघडलेल्या नेबरहूड हाउससारख्या संस्थांच्या अंगणांत, म्हणजे ती पोरे आपली भाऊबंदच. आणि भाऊबंदांकडून मार खाण्यात नवे असे काही नाही.

पुढे १९९७ साली उच्च शिक्षणाच्या निमित्ताने मी कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी जाऊन पोहोचलो. नेस्मिथने आयुष्याची चाळीस वर्षे ज्या गावी काढली ते हेच, ही गोष्ट माझ्या गावीही नव्हती. विद्यापीठातील एका रस्त्याच्या पाटीवर त्याचे नाव वाचून मी थबकलो आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या शिव्या खाल्ल्या. गावाच्या स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. नोव्हेंबरातील एका रविवारी मी तेथे गेलो, तो खरे म्हणजे सरांना पत्रात लिहिण्यासाठी. आणि ज्याला आम्ही मंत्रद्रष्टा ऋषी समजत होतो त्याच्याविषयी वाचू लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका आकड्याने माझी झोप उडवली.

तो आकडा असा. १८९८ ते १९०७ या काळात नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा पहिला प्रशिक्षक होता. त्या कारकिर्दीत त्याच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. पहिलाच सामना, १८९९ च्या फेब्रुवारीतला, कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए. संघाविरुद्ध १६-५ असा हरला. ज्या विद्यापीठाच्या दप्तरी आज दोन हजारांहून अधिक विजय जमा आहेत, त्या विद्यापीठाच्या समग्र इतिहासात जिंकण्यापेक्षा हरणे अधिक झालेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे ज्याने खेळ शोधून काढला तो! यावर लॉरेन्समध्ये लोक हसतात, आणि प्रथम मीही हसलो. परंतु ज्याने तीन वर्षे बाकावर काढली आहेत त्याला या आकड्यातून दुसरेच काही ऐकू येते, आणि ते काय, हे नीट समजून घेण्यासाठीच हे पुस्तक लिहिले गेले.

नेस्मिथ मूळचा कॅनडातला. धर्मशास्त्राची पदवी घेतलेला, पुढे डेन्व्हरला वैद्यक शिकलेला. कॅन्ससला त्याला बोलावले ते प्रार्थनामंदिराचा व्यवस्थापक आणि व्यायामशिक्षक अशा जोडहुद्द्यावर. स्प्रिंगफील्डला त्याच्या हाती अठरा दांडगट विद्यार्थ्यांचा वर्ग आला होता. हिवाळ्यात बंद खोलीत खेळता येईल आणि हातपाय मोडणार नाहीत असा खेळ हवा होता. त्याने शिपायाकडे अठरा इंची खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, आणि तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता म्हणून आजही जगातील प्रत्येक रिंग दहा फुटांवर असते. तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले. त्या तेरा नियमांत टिप्पा मारीत पळण्याचा उल्लेखच नाही; चेंडू हाती आल्यावर जागचे हलायचे नाही, एवढेच आहे. पहिल्या खेळात दोन्ही बाजू मिळून एकच टोपली भरली गेली. आपल्या मुलांना हा खेळ आवडला, त्यात कोणाचे डोके फुटले नाही, याचाच त्याला आनंद होता. जिंकणारा कोण, ही चौकशी त्याने फारशी केलेली दिसत नाही. कॅन्ससला तर आपल्याच संघाच्या सामन्यांत तो पुष्कळदा पंच म्हणून उभा राही. स्वतः तो आयुष्यात दोनदाच हा खेळ खेळला, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. म्हणजे पाहा, माझा पाऊण तास त्याच्या मानाने काही अगदीच कमी नाही.

त्याचा शिष्य फॉरेस्ट ॲलन मात्र निराळ्या मातीचा. बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून त्याने काढलेला आवाज धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा असे, म्हणून लोक त्याला 'फॉग' म्हणू लागले आणि एका बातमीदाराने त्या शब्दाचे स्पेलिंग ऐटबाज करून ते कायमचे चिकटवून टाकले. एका लहान महाविद्यालयाने त्याला मुलांना बास्केटबॉल शिकवण्यासाठी बोलावले तेव्हा नेस्मिथने त्याला सांगितले, की हा खेळ शिकवता येत नाही, तो नुसता खेळावयाचा असतो. ही कथा कॅन्ससात शाळकरी पोरही सांगते. ॲलनने गुरूचा तो हुकूम आदराने ऐकला आणि हयातभर त्याचा भंग केला. १९०७ ते १९०९ आणि पुन्हा १९१९ ते १९५६ असा एकूण ३९ हंगाम त्याचा अंमल चालला आणि त्यात कॅन्ससने ५९० सामने जिंकले. १९२७ साली नियम समितीने टिप्पा एकदाच मारता येईल असे फर्मान काढले, तेव्हा यानेच देशभरचे प्रशिक्षक गोळा करून त्यांची संघटना उभी केली आणि तो नियम रद्द करून घेतला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्ट व्हावा म्हणून त्याने वर्षानुवर्षे तगादा लावला. तो फळास आला, आणि प्रशिक्षकांनी वर्गणी जमवून म्हाताऱ्या नेस्मिथला तेथे खेळ पाहण्यास पाठविले. अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टावर, भर पावसात झाला. चेंडू चिखलात उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले. आमच्या सरांना हा प्रसंग फार प्रिय होता. आमच्या कोर्टाला जुलैत तळ्याचे रूप येई आणि आम्ही सुट्टी मागू लागलो की 'बर्लिन!' एवढा एकच शब्द उच्चारून ते शिटी फुंकीत.

गुरु-शिष्यांचा हा वाद कोणी जिंकला, हे सांगणे मला जमत नाही. परंतु ॲलनच्या बाकावर बसलेल्या दोघांची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे सरकवत नाही. पहिला ॲडॉल्फ रप. १९२२ आणि १९२३ च्या कॅन्ससच्या नामांकित संघांत तो होता, पण राखीव; खेळण्यास फारसे मिळालेच नाही. पुढे केंटकी विद्यापीठात त्याने बेचाळीस वर्षे राज्य केले, चार राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली आणि ८७६ विजयांवर थांबला. दुसरा डीन स्मिथ. १९५२ साली ॲलनच्या संघाने सेंट जॉन्सला ८०-६३ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, तेव्हा क्लाइड लव्हलेट हा धिप्पाड सेंटर साऱ्या देशाच्या तोंडी होता. स्मिथ बाकावर होता. पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून त्याने रपचाही विक्रम मोडून ८७९ विजय मिळविले. बाकावर बसणारा मनुष्य खेळ अधिक पाहतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. मात्र तो पाहून प्रत्येकजण तेच शिकतो असे नाही. १९७० उजाडेपर्यंत रपच्या मुख्य संघातून एकही कृष्णवर्णीय खेळाडू कोर्टावर उतरला नव्हता. स्मिथने १९६६ सालीच चार्ली स्कॉटला नॉर्थ कॅरोलिनात आणून तेथला पायंडा मोडला. बाक एक, गुरु एक. या कोड्यावर मी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले असून ते सुटले आहे असा माझा दावा नाही.

आणि ज्याला बाकसुद्धा मिळाला नाही, तो जॉन मॅक्लेंडन. या पुस्तकाचा खरा नायक तोच, हे आताच कबूल करून टाकणे बरे, म्हणजे अजिंक्यपदांच्या वर्णनासाठी पुस्तक उघडणाऱ्यांची फसवणूक होणार नाही. १९१५ साली कॅन्ससातल्याच हायावाथा या गावी जन्मलेला हा मुलगा १९३३ साली लॉरेन्सला आला, तो बास्केटबॉलचा शिक्षक होण्याचे मनाशी ठरवून. तो कृष्णवर्णीय होता. त्यामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला प्रवेश नव्हता. नियमांच्या पुस्तकात तसे कोठे लिहिलेले असण्याची जरूर नव्हती. शिरस्ता पुरेसा होता, आणि ॲलनच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू येण्यास पुढे पन्नासचे दशक उजाडावे लागले. मॅक्लेंडन थेट नेस्मिथच्या खोलीत गेला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक, असे वडिलांनी सांगून पाठविले आहे, असे म्हणाला. सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथने त्याला बसवून घेतले. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे येणे आवश्यक, आणि विद्यापीठाचा तलाव कृष्णवर्णीयांना बंद. मॅक्लेंडन पाण्यात उतरला, तेव्हा तलावातील पाणी सोडून देण्यात आले. आपल्याकडे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला आणि त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करण्यात आले, हे ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे त्याला या वाक्यावर टीप देण्याची गरज नाही. मॅक्लेंडनने धीर सोडला नाही, तलावाचा प्रश्न धसास लावला आणि १९३६ साली पदवी घेऊनच तो बाहेर पडला.

कोर्टावर जाण्याची मनाई असलेल्या या विद्यार्थ्याने नेस्मिथपासून जे उचलले ते ॲलनच्या पट्टशिष्यांनाही उचलता आले नाही. खेळ हा टोपलीखालच्या चार हात जागेत नसतो, चेंडू जेथे असेल तेथे असतो, हे म्हाताऱ्याचे म्हणणे मनाशी धरून मॅक्लेंडनने अशी मुले तयार केली की जी चाळीस मिनिटे पळत राहत, संपूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याला घेरीत आणि चेंडू हाती येताच वाऱ्यासारखी सुटत. आज जगभर हाच खेळ खेळला जातो. नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात तो प्रशिक्षक असताना, १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, सारे गाव प्रार्थनेस गेलेले पाहून, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्या खेळाडूंचा संघ चेहरे झाकून त्याच्या व्यायामशाळेत शिरला. त्या राज्यात असा मिश्र सामना कायद्याने वर्ज्य होता. म्हणून दारे आतून बंद करण्यात आली, प्रेक्षक नव्हते, पण पंच होता, घड्याळ होते. मॅक्लेंडनच्या मुलांनी ८८-४४ असा, बरोबर दुपटीने, तो सामना जिंकला. त्यानंतर जे झाले ते मला विजयाहून मोठे वाटते: दोन्ही संघ मिसळून, निम्मे इकडचे निम्मे तिकडचे असे घेऊन, ते पुन्हा एकदा खेळले. ही हकीकत पन्नास वर्षे गुप्त राहून १९९६ साली बाहेर आली. त्या दिवशीचे गुणपत्रक कोणी लिहिले असेल, त्याने ते कोठे लपविले असेल, या विचाराने मी कित्येक रात्री अस्वस्थ झालो आहे.

चेंबरलेनविषयी मला थोडक्यात लिहावयाचे होते, पण तो थोडक्यात मावणारा गृहस्थ नव्हे. सात फूट एक इंच उंचीचा हा फिलाडेल्फियाचा तरुण १९५५ साली ॲलननेच लॉरेन्सला आणला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. आणि तो मुख्य संघात येण्याच्या वेळी सत्तरी पूर्ण झाल्याच्या नियमाने ॲलनची सेवानिवृत्ती झाली. त्याने मुदतवाढ मागितली. नियमाला आवाज ऐकू येत नाही, मग तो भोंग्याएवढा का असेना. (रपलाही पुढे केंटकीत सत्तराव्या वर्षी याच नियमाने घरी बसविले.) डिसेंबर १९५६ मधील पहिल्याच सामन्यात चेंबरलेनने ५२ गुण केले. मार्च १९५७ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना नॉर्थ कॅरोलिनाशी कॅन्सस सिटीत झाला. त्यांच्या प्रशिक्षकाने आरंभीच्या चेंडूफेकीला चेंबरलेनसमोर आपला सर्वांत ठेंगण्यांपैकी एक खेळाडू उभा केला, तो केवळ त्याची थट्टा व्हावी म्हणून. तीनदा वाढीव वेळ देऊन सामना ५४-५३ असा कॅन्ससने एका गुणाने गमावला. आणखी एक हंगाम खेळून चेंबरलेन विद्यापीठ सोडून गेला, आणि त्या एका गुणाचे ओझे आपल्याच डोक्यावर आहे अशा समजुतीने जवळजवळ चाळीस वर्षे या गावापासून अंतर राखून राहिला.

१७ जानेवारी १९९८ रोजी तो परत आला, तेव्हा ॲलनच्या नावाच्या त्या चुनखडी दगडाच्या क्रीडागृहात विद्यार्थी-तिकिटावर मी वरच्या रांगेत बसलो होतो. सोळा हजार माणसे उभी होती. त्याने विद्यापीठाचे जुने जाकीट घातले होते. वयोमानाने ते किंचित आखूड झालेले वाटले, किंवा मला तसे वाटावयाचे होते. 'रॉक चॉक' ही आरोळी, जी १८८६ साली येथल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने आपल्या विज्ञानमंडळासाठी रचली, ती संथ लयीत, एखाद्या मठातील पठणासारखी उठली. त्या मोठ्या देहाचा मनुष्य बोलता बोलता थांबला. माझ्या शेजारचा मुलगा, ज्याचा जन्म १९५७ नंतर वीस वर्षांनी झाला असावा, डोळे पुशीत होता, आणि आपण का रडतो आहोत हे त्याला बहुधा सांगता आले नसते.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे, आणि ज्याला तो हवा असेल त्याला उत्तरार्धातील प्रकरणांत मिळेल: १९८८ साली अकरा पराभव पदरी असलेल्या संघाने डॅनी मॅनिंगच्या ३१ गुणांवर ओक्लाहोमाला नमविले ते, २००८ साली मारिओ चाल्मर्सच्या अखेरच्या क्षणीच्या तीन गुणांनी मेम्फिसच्या तोंडचा घास काढला ते, आणि २०२२ साली सोळा गुणांची पिछाडी भरून काढून नॉर्थ कॅरोलिनाला ७२-६९ असे हरविले ते, म्हणजे पासष्ट वर्षांनी का होईना, त्या एका गुणाची व्याजासह वसुली झाली म्हणावयाची. खेळाडूभरतीतील गैरप्रकारांच्या चौकशीअंती २०२३ साली १५ विजय दप्तरातून खारीज झाले, त्याचीही रुजुवात मी केली आहे. विजय झाला हे साऱ्यांनी पाहिले, पण तो झालाच नाही असा शेरा नंतर मारता येतो, हे जिमखान्याच्या नोंदवह्या हाताळलेल्या मनुष्याला नवे नाही. नेस्मिथचे ते तेरा नियमांचे दोन कागद २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरांना विकले गेले आणि विद्यापीठाच्याच एका माजी विद्यार्थ्याने ते विकत घेऊन लॉरेन्सला आणले. काचेआड मंद प्रकाशात ते ठेवलेले आहेत. पाहावयास गेलो तेव्हा मी प्रथम टिप्प्याचा नियम शोधला. नव्हता.

या पुस्तकाला परिशिष्टे दोन. पहिल्यात प्रशिक्षकांची कारकीर्द, दुसऱ्यात निवडक खेळाडूंची कालानुक्रमे यादी, विद्यापीठाच्या दप्तराबरहुकूम. परदेशी नावांचे उच्चार शक्य तितके तेथल्या लोकांच्या तोंडून ऐकून लिहिले आहेत. चुका माझ्या कानाच्या. सर हे पुस्तक पाहण्यास राहिले नाहीत. त्यांनी पाहिले असते तर मुद्रिते तपासताना मी ज्या तारखा उलटसुलट केल्या होत्या त्या त्यांनी पहिल्या नजरेत पकडल्या असत्या.

त्या तारखा जुळविताना एक गोष्ट ध्यानात आली. १९९९ च्या ऑक्टोबरात मी लॉरेन्समध्येच होतो. त्या महिन्याच्या १२ तारखेस चेंबरलेन वारला, आणि सबंध दिवस जो भेटे तो मला ती बातमी सांगे. वाण्याच्या दुकानातील मुलीनेसुद्धा पैसे परत देताना सांगितली. मॅक्लेंडन त्याआधी चारच दिवस, ८ तारखेस वारला होता. ते मला कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही, कारण तेव्हा ते नाव मला माहीत नव्हते. दुसऱ्या परिशिष्टात त्याचे नाव घालावे असा आग्रह मी धरून पाहिला. परंतु तो कॅन्ससकडून एकही सामना खेळलेला नाही, तेव्हा खेळाडूंच्या यादीत त्याला जागा नाही, असे प्रकाशकांचे म्हणणे पडले, आणि ते नियमाला धरून आहे. माझ्याजवळच्या प्रतीत १९३६ सालाच्या ओळीशेजारी ते मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, आणि पुढचे चौकोन कोरे सोडले आहेत.